पाठमोरे वळणार की नाही

पैज लागली ती जिन्यात. लिफ्ट बंद होती, आणि बंद लिफ्टसमोर उभं राहून माणसं जेवढं बोलतात तेवढं ती घरातही बोलत नाहीत. चौथ्या मजल्याच्या आत्या फुलांच्या दोन बादल्या खाली ठेवून दम खात होत्या. पहिल्या मजल्याचे ड्रायव्हरकाका टॅक्सीची किल्ली बोटावर फिरवत उभे होते. आणि तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली नाचाची टीचर पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. काकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं आणि बिल्डिंगने ते एकमताने मंजूर केलं होतं.

विषय निघाला शेजारच्या चर्चचा. भिंगरीने तिथल्या कमिटीला विचारलं होतं, की गाणाऱ्यांचा वृंद असतो तसा उपासनेत नाचणाऱ्यांचाही का नसावा? नृत्यसेवा म्हणू त्याला. कमिटीने चहा घेतला, शास्त्रातले दाखले दोन्ही बाजूंनी काढले, दमली, आणि शेवटी म्हणाली, येत्या वर्धापनदिनी एकदा करून दाखव. अट एकच, रेकॉर्ड केलेलं संगीत चालणार नाही. जे काय व्हायचं ते ऑर्गनवर.

आत्या त्या कमिटीत होत्या, चर्चच्या फुलांचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता, आणि ऑर्गन वाजवणारा त्यांचा सख्खा भाचा होता, त्यांनीच वाढवलेला. त्या अशा हसल्या की बादलीतलं पाणी हिंदकळलं.

ऑर्गन होता चर्चच्या मागच्या माडीवर, आणि वाजवणारा बसायचा भिंतीकडे तोंड करून. सगळ्यांच्या आधी वर चढायचा, सगळे गेल्यावर खाली उतरायचा. मंडळीने त्याची फक्त पाठ पाहिलेली, म्हणून त्याला पाठमोरे म्हणायचे. नव्या माणसांना ते त्याचं आडनावच वाटायचं.

"अगं, तो लग्नात नवरीकडे वळून बघत नाही," आत्या म्हणाल्या. "तुझ्याकडे काय बघणार?"

"बघतील की. वाजवता वाजवता वळून बघतील. सगळ्यांसमोर."

"वळला तर मी चर्चच्या पायऱ्यांवर नाचेन. सगळ्यांसमोर."

"आणि नाही वळला तर?" काकांनी विचारलं. त्यांचं गिऱ्हाईक खाली टॅक्सीत बसून होतं, ते ते साफ विसरले होते.

"तर हिने पुन्हा नाचाचं नाव काढायचं नाही. कमिटी काही का म्हणेना."

भिंगरीला पैज लावायची सवय होती, हरायची नव्हती, त्यामुळे ती हो म्हणून बसली. काकांनी स्वतःच स्वतःला पंच नेमलं.

वर जाऊन दार लावल्यावर मात्र ती बूटही न काढता तशीच जमिनीवर बसली. ती शाळेत मुलांना नाच शिकवायची, लग्नाळू जोडप्यांना चार स्टेप बसवून द्यायची. पण चर्चमध्ये ती लहानपणापासून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत आली होती. गळा असा, की गायनवृंदाने तिला दोनदा मोठ्या प्रेमाने परत पाठवलेलं. प्रार्थनेला बसली की शब्द सापडायचे नाहीत, आणि हात सोडले की ते आपोआप हलायला लागायचे. मग पलीकडच्या बाकावरून कुणीतरी डोळे वटारायचं. देवाशी बोलायला तिच्याजवळ एवढी एकच भाषा होती, आणि ती तिने जिन्यात बसल्या बसल्या पैजेवर लावली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या चष्म्याची दांडी सैल झाली, म्हणून ती नाक्यावरच्या चष्म्याच्या दुकानात शिरली. काउंटरच्या पलीकडे एक माणूस तिच्याकडे पाठ करून यंत्रावर काच घासत होता. मानेवर केसांचा भोवरा. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा उतरलेला… दर रविवारी बाहेर पडताना मान वर करून तिने हाच खांदा पाहिला होता.

"पाठमोरे?"

यंत्र थांबलं. "ते माझं आडनाव नाही," पाठ म्हणाली.

"माहीत आहे. पण खरं काय ते माहीत नाही."

तेव्हा तो वळला. चेहरा साधाच होता, चांगला होता, आणि कान लालभडक झाले होते. भिंगरीच्या मनात आलं, इतकी वर्षं हा ऐवज भिंतीला दाखवून फुकट घालवला.

दांडीचा स्क्रू पिळून झाल्यावर त्याने घाबरून, दुसरं काही सुचेना म्हणून, तिला डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं. नाकावर जड लोखंडी फ्रेम चढवली, एक काच घातली, काढली, दुसरी घातली.

"पहिली बरी… की दुसरी?"

"तुम्ही मधे उभे आहात. अक्षरं दिसत नाहीत."

तो बाजूला झाला. "आता?"

"आता अक्षरं दिसतायत," भिंगरी म्हणाली. "मघाशी बरं होतं."

यानंतर बराच वेळ कुणीच काच बदलली नाही. मग तिने नाचाचं सांगितलं, पैजेचं नाही. वाजवायला त्याची ना नव्हती. वळायला होती. ऑर्गनच्या पट्ट्यांच्या वर एक छोटा आरसा टांगलेला असतो, तो म्हणाला, पाळकांनी खूण केली की त्यात बघून मी सुरू करतो. तुमच्याकडेही त्यातूनच बघेन.

"वळून बघायला काय होतं?"

"आरशात माणसं लहान दिसतात," तो म्हणाला. "लहान माणसांची भीती वाटत नाही."

शनिवारी दुपारी, चर्च रिकामं असताना, तालमी सुरू झाल्या. ठरलं असं, की भिंगरीने उजवा हात उचलला की त्याने सूर धरून ठेवायचा आणि डावा उचलला की पुढे जायचं. सोपं होतं. पण ती एका पायावर उभी राहून उजवा हात उचलायची आणि ऑर्गन सुसाट पुढे निघायचा. धावत येऊन डावा उचलायची आणि तो तिथेच रेंगाळत बसायचा. पहिल्या शनिवारी ती हसली. दुसऱ्या शनिवारी ती वेदीजवळून वर ओरडून म्हणाली की मुद्दाम करत असाल तर तसं सांगा, मी घरी जाते. वरून उत्तर आलं की मी सांगितलं तेच करतोय, तुम्हीच दर वेळी हात बदलताय.

मग ती तणतणत माडीवर चढली. "उठा," म्हणाली. "तुम्ही खाली जा आणि मी शिकवलंय तसे हात करा. मी बघते."

तो निमूटपणे खाली गेला, वेदीसमोर उभा राहिला आणि त्याने उजवा हात वर केला. भिंगरी त्याच्या जागेवर बसून आरशात बघत होती. आरशातल्या त्या इवल्याशा माणसाने डावा हात वर केला होता.

ती इतकी हसली की तिचं कोपर पट्ट्यांवर पडलं आणि ऑर्गनने भोकाड पसरलं. वर येऊन त्याने कारण ऐकलं, आणि आठवडाभर काचा विकणाऱ्या त्या माणसाने कपाळाला हात लावला. कुठला हात ते दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.

पण हसू ओसरल्यावर भिंगरीला आणखी एक गोष्ट खटकली. त्याला वेदीसमोर बघायला तिला बाकावर पार कडेला सरकावं लागलं होतं. सरळ बसलं तर आरशात ना वेदी दिसत होती, ना पाळकांची जागा. दिसत होता फक्त एक खांब आणि खांबाला लागून असलेलं बाक. दर रविवारी ती तिथेच बसायची.

"यात पाळक दिसत नाहीत," ती म्हणाली.

"त्यांचा आवाज येतो की."

"आरसा हलला असेल."

"हलला नाही…" तो म्हणाला. कान पुन्हा पेटले होते. "तुम्ही हात मांडीखाली का ठेवता?"

हे तिला आजवर कुणीही विचारलं नव्हतं. तिने सांगितलं, सगळंच सांगितलं, आणि बोलण्याच्या ओघात जिन्यातली पैजही सांगून टाकली. तिथेच घोळ झाला. त्याने आरसा सरळ केला, पट्ट्यांवरचं झाकण ओढलं. आत्यांनी त्याला लहानाचं मोठं केलं होतं. या वयात त्यांना भर पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत नाचायला लागेल असं काही तो करणार नव्हता.

"वाजवेन मी. जीव ओतून वाजवेन. पण वळणार नाही."

"म्हणजे ही नृत्यसेवा एका दिवसाची."

"पैज तुम्ही लावली," तो म्हणाला, आणि हे खरं असल्यामुळे तिला जास्तच राग आला.

तालमी तरीही चालू राहिल्या. हातांच्या खुणा बंद केल्या. तो आरशात तिचे खांदे बघून वाजवायला शिकला, तिचा श्वास कुठे संपतो ते त्याला कळायला लागलं. दोघं कामापुरतंच बोलायचे. काम मात्र दर शनिवारी लांबत गेलं.

इकडे आत्यांच्या कानावर आलं, की भाचा आजकाल दुकानात शीळ घालतो. आत्या हुशार बाई. वर्धापनदिनाच्या सकाळी त्या फुलं घेऊन माडीवर गेल्या आणि ऑर्गनवरचा आरसा काढून, पॉलिश करायचा म्हणून, पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या. आरशाच्या जागी त्यांनी पांढऱ्या फुलांचा भला मोठा गुच्छ बांधला. हिशेब साधा होता. दिसलं नाही की पोरगा वाजवेल नेहमीसारखा, सवयीने, भिंतीकडे बघत. नाच फसेल, विषय मिटेल, पैज खिशात. आरसा होता म्हणूनच त्याला आजवर वळावं लागलं नव्हतं, एवढी बारीकशी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही.

चर्च भरलेलं होतं. मागे उभं राहायला जागा नव्हती. पाळकांनी भिंगरीचं नाव घेतलं, ती वेदीसमोर आली आणि ऑर्गन सुरू झाला… आणि पहिल्या ओळीतच तिला कळलं की वर काहीतरी बिनसलंय. सूर तिच्या पुढे पळत होते. तिने गाठायचा प्रयत्न केला, पाऊल चुकलं, पहिल्या बाकावर कुणीतरी खोकलं. मग ती जागा आली जिथे दोन्ही हात वर करून थांबायचं होतं. ती थांबली. ऑर्गन तिला मागे टाकून पुढे गेला, अडखळला, आणि बंद पडला.

भरल्या चर्चमध्ये ती हात वर करून उभी होती. हात खाली घेतले असते तर सगळं संपलं असतं. तिने घेतले नाहीत. दंड थरथरायला लागले तरी घेतले नाहीत.

माडीवर लाकडी बाक करकरलं.

मग एक सूर आला. एकाच हाताचा, बारीक. गाणं तेच, पण साथीचं सगळं काढून टाकलेलं. हे काय झालं म्हणून मंडळीने माना वळवल्या, आणि मग अख्खी मंडळीच वळली. नाचाकडे बघणारं कुणी उरलं नाही. भिंगरीला दिसत होत्या फक्त पाठी, शेकडो पाठी, आणि त्यांच्यावर, माडीच्या कठड्यापलीकडे, एक चेहरा. तो बाकावर आडवा बसला होता. एक हात पट्ट्यांवर, डोळे तिच्यावर, आणि चेहऱ्यावर अशी भीती की बघवत नव्हती.

तिने हात खाली आणायला सुरुवात केली, तिला हवं तितक्या सावकाश. सूर तिच्यासाठी थांबून राहिला. मग एकेक करून माना पुन्हा पुढे वळल्या.

उपासना सुटली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो सगळे असताना खाली उतरला. माडीच्या अरुंद जिन्यात भिंगरी उभी होती.

"आत्यांना नाचावं लागणार," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही वळणार नव्हतात."

"आरसा नव्हता," तो म्हणाला. दोन पायऱ्या उतरला, थांबला. "नाही… खोटं आहे ते. न वळताही उरकता आलं असतं. पण तू तिथे हात वर करून उभी असणार हे माहीत होतं, आणि मला तुला मोठी बघायची होती. म्हणजे… आहेस तेवढी."

"मग बघ की," भिंगरी म्हणाली. "आता कुणी अडवलंय?"

तो बघत राहिला. जिना अरुंद होता, खाली जागा नव्हती म्हणून माडीवर चढलेल्यांचा मागे खोळंबा झाला, आणि कुणीतरी ऐकू येईल असं पुटपुटलं की बाहेर जाऊन बघा.

बाहेर पायऱ्यांखाली सगळी मंडळी जमली होती. ड्रायव्हरकाकांनी पैजेची बातमी दारातच उभं राहून वाटली होती. कमिटीचे अध्यक्ष नृत्यसेवेला कुठला हॉल द्यायचा यावर बोलत होते, पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. आत्या वरच्या पायरीवर आल्या. आरसा मीच नेला, असं त्यांनी न विचारता सांगून टाकलं, पर्स पाळकांच्या हातात दिली आणि पदर खोचला.

"किती वेळ नाचायचं?"

"मी पुरे म्हणेपर्यंत," काका म्हणाले, आणि टॅक्सीच्या बॉनेटवर त्यांनी ठेका धरला.

आधी आत्या नुसते हात झटकत होत्या, ओले झाल्यासारखे. मग एक पाय हलला. मग दुसरा. लोक हसत होते, मग टाळ्या वाजवायला लागले, आणि हळूहळू आत्यांच्या कमरेतलं मूळचं काहीतरी जागं झालं. भाचा पुढे आला, सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. लय त्याचीच बरोबर होती. हात वर नेल्यावर मात्र आत्या अडल्या.

"सूनबाई," सगळ्यांच्या देखत त्यांनी हाक मारली, "आता याचं पुढे काय करायचं असतं?"

पाळकांच्या हातातली पर्स खाली पडली. भिंगरीने पाठमोऱ्यांकडे बघितलं. त्याने मान फिरवली नाही. ती पायऱ्या चढून वर गेली, आत्यांच्या शेजारी उभी राहिली आणि दोन्ही हात मोकळे सोडले.

बऱ्याच वेळाने काकांनी पुरे म्हणायला तोंड उघडलं. आत्यांनी त्यांच्याकडे असं काही बघितलं, की त्यांनी ते मिटलं आणि ठेका जरा जोरात वाजवायला घेतला.