विलासच्या हाकेला ओ

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. माझ्या कानांनी ऐकलं, तेवढंच सांगतेय. माणसं पारखायची मला वाईट खोड आहे. भूत पारखायची वेळ मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच आली.

गेल्या नोव्हेंबरातली संध्याकाळ. जपानमधल्या चिबातलं, शेतकऱ्यांना खत पुरवणारं एक कोठार.

माझी मावसबहीण मैथिली इचिकावात राहते. तिचा नवरा विलास त्या कोठारात अमोनियाच्या टाकीवर सेफ्टी इंजिनियर होता. महा काटेकोर माणूस. तिथली पद्धतच तशी. व्हॉल्व्ह फिरवला की त्याच्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं, "बंद!" दुसऱ्याने डोळ्यांनी बघून ओरडायचं, "योशी!" म्हणजे, ठीक आहे. उत्तर आल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही.

हा बहाद्दर ते घरीही करायचा. शेगडीकडे बोट रोखून, "गॅस बंद!"

आतून मैथिली, "योशी रे बाबा, योशी!"

"विलासराव, देवापुढेही बोट रोखता का हो?" मी चिडवायचे.

"ताई, अमोनिया पाणी शोधत येतो. डोळ्यांतलं, घशातलं. त्याच्याशी चेष्टा नको."

ऑक्टोबरात टँकर भरताना पाइपचा सांधा निसटला. विलासने दोघा कामगारांना वारा येत होता त्या बाजूला पिटाळलं. मास्क घालायलाही न थांबता स्वतः आत घुसला आणि व्हॉल्व्ह बंद केला.

ते दोघं वाचले. कोठाराच्या हिशेबात हे यश बसलं. मैथिलीच्या हिशेबात नाही.

त्याचं सामान आणायला आम्ही गेलो होतो. साहेब मोरी-सान यांनी हेल्मेट दोन्ही हातांनी पुढे केलं. मला समजावं म्हणून सावकाश जपानीत बोलले.

"शेवटी त्याने हाक दिली. तुमच्या भाषेत. आम्हाला कळली नाही... उत्तर द्यायचं राहिलं."

मग मान खाली घालून म्हणाले, "काम बंद करायच्या वेळी ती हाक अजूनही येते."

वारा पडला.

खांबावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी लोंबायला लागली.

कावळेसुद्धा गप्प.

आणि मग... वास. नाकात सुई घुसावी तसा.

"टाकी रिकामी आहे," मोरी-सान पुटपुटले. सेन्सर शून्य दाखवत होता.

टाकीमागून...

"गॅस बंद!"

स्वच्छ मराठीत. विलासचाच आवाज. फक्त घसा सोलवटलेला.

मैथिलीने ओठ घट्ट मिटले.

"गॅस बंद!"

या वेळी त्यात विनवणी होती.

अशा हाकेला ओ देऊ नये म्हणतात. तरी मीच म्हणाले, "मैथिली, दे गं उत्तर. अडकून पडलाय तो."

"दिलं की जाईल ना गं, ताई..."

"गॅस..." पुढे नुसता खोकला.

तिने बोट उचललं. टाकीकडे रोखलं.

"योशी रे बाबा," ती म्हणाली. "योशी."

वास गेला. नळी फडफडली.

तिथे ती हाक पुन्हा आली नाही, असं मोरी-सान यांनी नंतर कळवलं.

पण आता मैथिली रोज शेगडीकडे बोट दाखवते. "गॅस बंद!" म्हणते आणि तशीच उभी राहते. वाट बघत.

मी ओजिमातल्या माझ्या घरून तिच्याकडे जाते तेव्हा मीही तिथेच बसलेली असते. उत्तर देत नाही. उत्तर मिळालं की माणूस निघून जातो, हे मी पाहिलंय.

परवाही तेच. "गॅस बंद!"

मी गप्प. घरात तिसरं कुणी नाही.

आणि मैथिली... हसली. मान डोलावली. शेगडीपासून बाजूला झाली.

"काय झालं गं?"

"काही नाही, ताई. आलं उत्तर."

तेव्हापासून रोज सकाळी मी तिला फोन करते. रिंग वाजत राहते...

आणि ती "हॅलो" म्हणेपर्यंत माझ्या नाकात तोच वास असतो.