वीतभर टोक

तंबू शिवण्यात उभा जन्म गेलेला काका लहानपणी गाठ मात्र चुकीची शिकला होता. वडील समोर बसून दोर वळवायचे आणि दोघे भाऊ समोरून बघून तस्संच करायचे, म्हणजे अगदी आरशातल्यासारखं. गाठीचं टोक उजवीकडे यायच्या ऐवजी डावीकडे यायचं. काकाची ही खोड कारखान्यातल्या उस्तादाने टपल्या मारून मोडली. थोरल्याची तशीच राहिली. लेकीचा झोपाळासुद्धा त्याने त्याच गाठीवर टांगला होता.

तो थोरला एका निर्जन बेटावर एकटाच भटकायला गेला आणि परतला नाही. सापडला तो नुसता तंबू. आता लेकीने हट्ट धरला, बाबा शेवटचे राहिले ती जागा एकदा बघायचीच. निघताना वहिनी काकाला एवढंच म्हणाली, "भावोजी, जशी नेताय तशी परत आणा. मला दुसरं काही नको."

नावाड्याने त्यांना सकाळी बेटाच्या एका टोकाला उतरवलं. दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या धक्क्यावर येणार होता. मधली वाट किनाऱ्याने, काळ्या खडकांवरून. पोरगी वाटभर बडबडत होती. ऊन कलताना, बाबांचा तंबू सापडला त्या सपाट जागेवर पोचल्यावर मात्र जमिनीला हात टेकवून बसली. काकाने तंबू ठोकला, दोर ताणले, देवाचं नाव घेतलं आणि दोघं झऱ्यावर पाणी भरायला गेली.

परत आल्यावर काकाची नजर समुद्राकडच्या दोरावर गेली. गाठीचं टोक डावीकडे होतं.

"या दोराला तू हात लावलास?"

"मी? काका, माझ्या बुटाची नाडीसुद्धा तुम्हीच बांधलीत."

"मग माझाच हात चुकला. वय झालं."

"हे काकूसमोर म्हणून दाखवा."

काका हसला आणि तिला दिसू नये असा आडवा बसून त्याने गाठ सोडली. एरवी बोटांना सवयीची असलेली गाठ, पण सुटता सुटेना.

पहाटे तो बाहेर आला. धुकं गुडघ्याला लागत होतं. तंबूच्या सगळ्या दोरांची टोकं डावीकडे वळली होती. दोर चिंब ओले होते. दव असेल म्हणून त्याने बोट जिभेला लावलं. खारट.

पोरीने हे पाहिलं तर बाबा इथेच आहेत म्हणेल आणि बेटावरून हलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने घाईघाईने गाठी सोडल्या, तंबू कसातरी गुंडाळला आणि तिला उठवलं.

"चहा तरी?"

"नावेत."

धक्क्याच्या आधी कड्यावरची अरुंद वाट होती. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला नुसता लाटांचा आवाज. काकाने एक दोर आपल्या कमरेला बांधला, दुसरं टोक तिच्या कमरेला. दोन्ही गाठी स्वतः बांधल्या, दोनदा तपासल्या. टोकं उजवीकडे, वीतभर सोडलेली.

तो पुढे, ती मागे. धुक्यात आपलेच पाय दिसेनात.

"काका, एवढं ओढू नका ना."

काका थांबला. त्याच्या बाजूचा दोर सैल लोंबत होता.

"मी ओढत नाहीये गं."



"बरं," ती म्हणाली. ते काकाला उद्देशून नव्हतं.

त्याने दोर गच्च धरला आणि तोंडाने नामस्मरण करत चालू लागला. मागे वळला नाही. पावलं वाजत होती, तिचीच असणार.

धक्का आला. नाव उभी होती. काकाने आधी पोरीला आत बसवलं, मग स्वतः बसला. नाव निघाली, बेट धुक्यात पुसलं गेलं, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. वहिनीला तोंड दाखवता येणार होतं.

"आण, दोर सोडतो."

पोरगी डोळे मिटून काठाला टेकली होती. चेहरा शांत, लहानपणी झोपाळ्यावर झोपायची तसा. काकाने तिच्या कमरेच्या गाठीला हात घातला.

टोक डावीकडे होतं. आणि वीतभर नव्हतं.

ते तिच्या कुशीवरून, नावेच्या काठावरून खाली पाण्यात गेलं होतं. ताठ.

काकाने खिशातला चाकू उघडला.

"राहू द्या, काका," ती डोळे न उघडता म्हणाली. "आई वाट बघतेय."

दोर किंचित सैल झाला आणि पुन्हा ताणला गेला, कुणी हात बदलावा तसा.