पांढऱ्या शर्टाची साक्ष

नवनाथची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याच्या डोळ्यात विमानाचं तेल गेलं होतं, आणि ते माझ्याच हातून सांडलं होतं.

ओझरच्या हँगरमध्ये मी नुकतीच मेकॅनिक म्हणून लागले होते. शिडीवर चढून पंखाखालची एक नळी सोडवत होते आणि हा शहाणा वर बघतच खालून चालत आला. हायड्रॉलिकचं ते जांभळट तेल साधंसुधं नसतं, नुसतं कातडीला लागलं तरी मिरचीसारखं झोंबतं. तो डोळा धरून मटकन खाली बसला. मी शिडीवरून जवळजवळ उडीच मारली आणि त्याला हाताला धरून डोळे धुवायच्या नळाकडे ओढत नेलं. कळ दाबली. नळ एकदा खाकरला आणि गप्प झाला.

"हा काय शोभेला लावलाय?" मी ओरडले.

"तपासणीवाले आले की येतं त्याला पाणी," तो कण्हत म्हणाला. "तुम्ही नवीन दिसताय."

मी माझ्या पिशवीतली बाटली काढली. त्याची मान एका हातावर घेऊन हळूहळू डोळ्यावर पाणी सोडत राहिले. एक डोळा लालभडक, घट्ट मिटलेला. दुसरा मात्र चांगला टक्क उघडा — आणि रोखलेला माझ्यावर.

"इकडे काय बघताय? वर बघा."

"वर बघितलं म्हणूनच तर हे झालं, मॅडम."

मला हसू आलं, आणि उरलेलं पाणी त्याच्या कॉलरमध्ये गेलं.

दुसऱ्या दिवशी तो तसाच टोमॅटोसारखा डोळा घेऊन सार्थक साहेबांच्या केबिनमध्ये गेला. सार्थक साहेब म्हणजे आमचे मनुष्यबळ अधिकारी. वय आमच्याएवढंच, पण बोलणं असं की तुमचा खिसा कापून तुमच्याकडूनच थँक्यू वसूल करतील. आठवड्याभराने त्या नळावर पाटी लागली : 'दुरुस्ती चालू आहे.'

"बघा, युनियनचा पहिला विजय," नवनाथ मला पाटी दाखवत म्हणाला. "नळ बिघडलाय हे कंपनीने मान्य केलं."

"आणि पाणी?"

"पाण्यासाठी पुढचा लढा. तुम्ही असाल ना सोबत?"

मी पान्हा उचलला आणि कामाला लागले. कान मात्र तापले होते.

युनियन आमची नवीकोरी होती. मुंबईचे पुढारी फोनवरूनच क्रांती करायचे, आणि इथे हँगरमध्ये शिव्या खायला नवनाथ. तक्रारी तरी किती! पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघायचं, थंडीत पान्हा हाताला चिकटायचा, निम्मे लोक कंत्राटी. आणि सगळ्यांत मोठी तक्रार जोडीची. विमानाचा हलणारा भाग असला की तिथे दोघांनी काम करायचं, असा नियम. एकाचा हात आत, दुसऱ्याची नजर बाहेर. विमानात बसलेला माणूस तेलाचा दाब सोडून तो भाग हलवायच्या आधी खाली दुसऱ्याला विचारणार, आणि दुसरा 'हो' म्हणाला तरच कळ फिरणार. पण माणसं कमी, त्यामुळे ड्युटीच्या तक्त्यावर दोघं आणि जागेवर एकटाच, असा सगळा कारभार.

नवनाथ हे सगळं पोटतिडकीने बोलायचा. सिन्नरचा गडी, रागावला की गावाची बोली वर यायची. "लय झालं आता, चैताली. माणसं हायेत का स्पेअर पार्ट?" असं म्हणत दहाव्या मैलावरच्या टपरीवर तो कट चहाचा ग्लास टेबलावर आपटायचा. 'मॅडम'ची 'चैताली' कधी झाली, 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. कंपनीच्या बसमध्ये तो माझ्यासाठी खिडकी धरून ठेवायचा आणि वर उपकार केल्यासारखं म्हणायचा, "मला वारा सोसत नाही म्हणून देतोय, गैरसमज नको."

"गैरसमज करून घ्यायला तू आहेस कोण?"

"तेच तर विचारायचंय एकदा..."

विचारलं मात्र नाही. युनियनच्या सभेत साहेबाला उभा चिरणारा माणूस माझ्यासमोर आला की बसच्या तिकिटाची सुरळी करत बसायचा. मला त्याचं ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, मला त्याचं सगळंच आवडायचं.

शेवटी त्याने विचारलं ते जानेवारीतल्या एका सकाळी, विमानाच्या चाकाखाली.

त्या दिवशी त्याची जोडी होती पुंजाभाऊंशी. पुंजाभाऊ निफाडकडचे, कंत्राटी. द्राक्षांच्या दिवसात डब्यात भाकरीबरोबर द्राक्षांचा घोस आणायचे आणि मला म्हणायचे, "खा पोरी, या लोखंडाच्या वासात तेवढंच गोड." चाकं आत गेल्यावर त्यांना झाकणारा विमानाच्या पोटाचा जाड दरवाजा असतो, त्याचं काम ते करत होते. मी दुसऱ्या विमानाचं चाक बदलत होते. ते विमान त्याच सकाळी जायचं होतं, म्हणून सार्थक साहेब स्वतः खाली आले आणि नवनाथला पुंजाभाऊंजवळून उठवून माझ्याकडे पाठवलं.

"पुंजाभाऊंकडे कोण आहे?" मी विचारलं.

"साहेब म्हणाले, लगेच दुसरा पाठवतो."

गुडघ्याला गुडघा लावून आम्ही नट आवळत बसलो. बाहेर धुकं होतं. त्याच्या श्वासाची वाफ माझ्या हातावर येत होती. एकाएकी त्याने पान्हा खाली ठेवला आणि तेलकट बोटांनी माझी तेलकट बोटं धरली.

"चैताली... माझी आई म्हणते, पोरगी बघू का. मी म्हटलं, बघितलीय. तिला विचारायचं राहिलंय."

"मग विचार की. मी काय साहेब आहे घाबरायला?"

"साहेबाला कुठे घाबरतो मी? ...करशील माझ्याशी लग्न?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, आणि पलीकडून पुंजाभाऊंची किंकाळी आली.

साहेबांनी कुणालाही पाठवलं नव्हतं. विचारायला खाली कुणी नव्हतं आणि वरच्याने न विचारताच दाब सोडला, दरवाजा मिटला. पुंजाभाऊंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

माझा 'हो' मी नवनाथला दवाखान्याच्या जिन्यात दिला. दोघंही रडत होतो. असा होकार देवाने वैऱ्यालाही देऊ नये.

पंधरवड्यात कंपनीने पुंजाभाऊंच्याच हातात आरोपाचा कागद ठेवला. जोडीदार हजर असताना त्याचं न ऐकता हात घातला, म्हणे निष्काळजीपणा. आरोप सिद्ध झाला तर नोकरीही जाणार होती आणि भरपाईही. आधी खात्याची चौकशी होणार होती. त्यात कामगाराला आपल्या बाजूने बोलायला एक सहकारी प्रतिनिधी म्हणून नेता येतो. आमचं ठरलं : पुंजाभाऊंचा प्रतिनिधी नवनाथ, आणि साक्षीदार मी. जोडीदार हजर नव्हताच, माझ्या शेजारी होता, हे मी सांगणार. कुठे होता, काय करत होता, सगळं सांगायची माझी तयारी होती. लाजायचं कशाला?

चौकशीच्या आधीच्या रविवारी नवनाथ इंदिरानगरला आमच्या घरी आला. आईने कांदेपोहे केले. पप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पप्पा एकेकाळी सातपूरच्या एका कारखान्यात होते. संप चिघळला, कारखान्याला टाळं लागलं, आणि गेटबाहेरच्या तंबूत त्यांनी आपली उमेद संपताना पाहिली.

"पोरगा चांगला आहेस," ते म्हणाले. "जात नाही विचारत, शेत नाही विचारत. कामगार असलास तरी चालेल. पण युनियनच्या पुढाऱ्याला मी मुलगी देणार नाही. उद्या तुला गेटबाहेर काढतील, तेव्हा तुझ्या मागे उभे राहणारे आज दिसतायत ना, त्यातला एकही नसेल. मी बघितलंय ते."

"पप्पा!" मी म्हटलं.

"तू गप्प बस. त्याला बोलू दे."

नवनाथ पोह्यातले शेंगदाणे बाजूला सारत राहिला. निघताना मी फाटकापर्यंत गेले. "पप्पांचं मनावर घेऊ नकोस, मी समजावते त्यांना," असं मी म्हणाले. त्याने माझ्या गालावर आलेली बट कानामागे सारली आणि म्हणाला, "मी बघतो काहीतरी." किती बरं वाटलं मला तेव्हा! वेडी मी.

चौकशीच्या सकाळी पुंजाभाऊ बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले होते. शेजारची खुर्ची रिकामी. दार उघडलं आणि नवनाथ आत आला — पांढऱ्या शर्टात.

आमच्याकडे कामगार निळ्यात, साहेबलोक पांढऱ्यात. त्यांचं कँटीन वेगळं, संडाससुद्धा वेगळे. पांढरा शर्ट चढला की माणूस कामगार उरत नाही आणि कुणाचा प्रतिनिधीही होऊ शकत नाही. शर्टाच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. तो टेबलाच्या पलीकडे जाऊन साहेबांशेजारी बसला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

"नवनाथ कालपासून सुपरवायझर आहेत," सार्थक साहेब गोड आवाजात म्हणाले. "पुंजा, तुमचा प्रतिनिधी कोण? नसेल तर तसंच सुरू करू."

पुंजाभाऊ गोंधळून त्या शर्टाकडेच बघत राहिले. "नवनाथ... आरं, तू बोलणार व्हता ना माझ्या बाजूनं?" त्यांचा आवाज ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी बसते!" म्हणत मी खुर्ची ओढली आणि बसलेसुद्धा.

"छान. नोंद करा," साहेब म्हणाले. आणि मग हसले. "मॅडम, एक सांगायचं राहिलं. प्रतिनिधीला साक्ष देता येत नाही. साक्षीदारांतून तुमचं नाव काढावं लागेल."

मी नवनाथकडे बघितलं. नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. मी खुर्ची ओढली तेव्हाच तो मला थांबवू शकला असता. तो शर्टाची बाही सारखी करत होता.

कंपनीचा साक्षीदार म्हणून तोच उभा राहिला. मी पुंजाभाऊंशेजारी थांबलो होतो, हात घालू नका असं मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. घडाघडा बोलला. पाठ केलेलं होतं.

मग प्रश्न विचारायची माझी पाळी आली.

"अपघाताच्या वेळी तुम्ही नक्की कुठे होता... सर?"

'सर' म्हटल्यावर त्याची पापणी हलली. "पुंजाभाऊंजवळ."

"दुसऱ्या विमानाचं चाक बदलायला तुम्हाला पाठवलं नव्हतं?"

"नाही."

आता मागे फिरायचं कसलं? समोर साहेब, टिपणं घेणारा कारकून, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"त्या चाकाखाली बसून तुम्ही एका मुलीचा हात धरला होता," मी म्हणाले. "तिला लग्नाचं विचारलं होतं. ती मुलगी मी आहे. आठवतं?"

कारकुनाचं पेन थांबलं. साहेबांनी ओठ दाबून हसू आवरलं. बाहेर जॅक खाली घेतल्याचा आवाज आला. नवनाथने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता हा बोलेल. अजूनही बोलेल.

"असं काही घडलं नाही," तो म्हणाला.

कारकुनाने लिहिलं, वाचून दाखवलं. नवनाथने खाली सही केली.

निकाल नंतर कळवू म्हणाले, पण गेटवरच्या पहारेकऱ्याने पुंजाभाऊंचा पास तेव्हाच काढून घेतला. मी त्यांना रिक्षात बसवत होते तेवढ्यात नवनाथ धावत आला.

"चैताली, ऐक तरी! तुझ्यासाठीच केलं मी हे. तुझे पप्पा काय म्हणाले ऐकलंस ना? पुंजाभाऊंचं असंही काही झालं नसतं गं... कंपनीच्या पुढे कोण टिकतं? निदान आपलं तरी—"

"आपलं?"

"एकदा लग्न होऊ दे. मग आतून करीन मी लोकांसाठी. शपथ!"

पुंजाभाऊंनी मान दुसरीकडे वळवली. त्यांनी त्याला एक शिवी जरी घातली असती तरी मला बरं वाटलं असतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि रिक्षावाल्याला "चला" म्हणाले. नवनाथ रिक्षाच्या दांडीला धरून चार पावलं सोबत आला, मग हात सुटला. मला त्याच्यावर अजूनही प्रेम वाटत होतं, आणि त्या प्रेमाचीच मला किळस येत होती.

घरी पोचले तर पप्पा दारातच. आईने शिरा करायला घेतला होता, वेलचीचा वास जिन्यापर्यंत येत होता.

"अगं, नवनाथचा फोन आला होता! सुपरवायझर झाला म्हणे. याला म्हणतात पोरगा. मी त्याला सांगून टाकलं, रविवारी आईला घेऊन ये, बोलणीच करू."

मी चपला काढल्या. हात धुतले, नखांतलं तेल काही निघेना. पप्पा मागे उभे होते, कितीतरी वर्षांनी एवढे खूश.

"कुणाची बोलणी, पप्पा? त्याने मला कधी विचारलंच नाही. आज सगळ्यांसमोर तशी सही केलीय त्याने."