एकतीस अंशांवर थांबलेली खोली

चौकशी समितीचा अहवाल म्हणतो : ‘दुर्घटनेच्या क्षणापर्यंत बॅटरीखोलीचे तापमान एकतीस अंश होते. तापमानावर देखरेख करणारी चिप निर्दोष होती. मृत तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा आगीस कारणीभूत ठरला.’

भाषा सुरेख आहे. खरी नाही, एवढेच.

पुढचे मात्र खरे आहे. ज्या बाईंच्या बाबतीत ते घडले, त्या आजही त्याच प्रयोगशाळेत काम करतात.

बॅटऱ्यांनी खच्चून भरलेली बंद खोली, आत वावरणारा माणूस, आणि दिवसभर पारा तसूभरही हलत नाही? समितीतल्या विद्वानांना याचे नवल वाटले नाही. बाईंना वाटले. मृत तंत्रज्ञ त्यांचा पाठचा भाऊ होता.

त्यांनी खोलीतला जळका सर्किट बोर्ड मागवला. भर दुपारी टेबलावर ठेवून त्याला वीज जोडली. त्यावरची चिप शाबूत होती, पण बोलेना. तापमानाचे आकडे ज्या तारेवरून जायचे ती तारच तिने धरून ठेवली होती... फोन उचलून गप्प राहणाऱ्या माणसासारखी.

शेजारच्या टेबलावरचा वायरमन हसला. “रुसलीय, ताई. जावयासारखी मनधरणी करा.”

मनधरणीची रीत ठरलेली असते. एकेक विजेचा ठोका पाठवायचा, अर्धवट राहिलेला निरोप चिपला पुरा करू द्यायचा. मग ती तार सोडते.

बाईंनी पहिला ठोका पाठवला.

टक्...

लोखंडावर बोटाचे पेर आपटावे, तसा आवाज.

“तू वाजवलंस?”

“मी कशाला? माझा एक हात कामात, दुसरा कपाळावर!”

दुसरा ठोका.

टक्...

बोर्डावर ना स्पीकर होता, ना हलणारा एकही भाग.

मग तार सुटली. टेबलावरच्या पडद्यावर आकडा आला : सदतीस.

प्रयोगशाळा थंडगार होती. सदतीस म्हणजे... माणसाच्या अंगाइतके.

आकडा चढू लागला. बाईंनी बोर्डाची वीज काढली.

आकडा चढतच राहिला...

तेवढ्यात व्यवस्थापक साहेब आत आले आणि दार लोटून त्यालाच पाठ टेकून उभे राहिले. चिप निर्दोष असल्याची बाईंची सही अहवालावर हवी होती. त्याच क्षणी चिप पुन्हा अडली.

“काय म्हणतेय तुमची चिप?”

“तुम्ही आल्यापासून काहीच नाही.”

“विनोद पुरे. सही करा. तुमच्या भावाला बोल लावणं मलाही आवडत नाही.”

“त्या दिवशीही ती अशीच अडली असेल, साहेब. मग तुमच्या पडद्यावर एकतीस कोण दाखवत होतं?”

“यंत्राला विचारा.”

बाईंनी यंत्रालाच विचारले. ठोका पाठवला.

टक्... टक् टक्...

या खेपेस आवाज बोर्डातून आला नाही. साहेबांच्या पाठीमागच्या दारातून आला.

वायरमनने धावत जाऊन साहेबांना बाजूला सारले आणि दार उघडले. बाहेरचा लांब बोळ रिकामा होता.

‘कोण आहे?’ असे साहेबांनी विचारले नाही. बाईंना खटकले ते हेच.

दारावर कोण होते, हे आजवर कुणालाही सांगता आलेले नाही. बाई अजूनही दाराकडे पाठ करून बसत नाहीत. साहेब त्या रिकाम्या बोळाकडे बघत जे बोलले, ते मात्र दोघांनी ऐकले. शब्दशः असे :

“चिप सारखी अडायची, उगाच गजर व्हायचा. उत्तर आलं नाही तर आधीचाच आकडा दाखवत राहा, असं मीच सांगितलं होतं. त्याने आतून दार वाजवलं... बॅटरीखोलीचं दार उघडायची कळ माझ्या हाताशी होती. पण पडद्यावर सगळं ठीक होतं. मी उघडलं नाही.”