हैबतरावांचं पहिलं रेकॉर्डिंग

दिनानाथ देवळेकर खुर्चीत बसले, पण पाठ टेकेनात.

"चोरीची तक्रार घेऊन आलो नाही, बाई," ते म्हणाले. "एका माणसाला माझ्यादेखत फितूर ठरवलं आणि मी गप्प उभा राहिलो. कालपासून कुणाकडे मान वर करून बघवत नाही."

शांती कर्णिक पेणच्या रामवाडीत खासगी तपासाची कामं करायची. जोडीला तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान असत. त्यांना ती दाजीच म्हणे. दाजी पोस्टातून निवृत्त झालेले, स्वभावाने सरळ आणि गाण्यांचे वेडे.

"हैबतरावांच्या कालच्या सत्काराचं म्हणताय ना?" दाजी म्हणाले. "आम्ही होतो की तिथं!"

अख्खं पेण होतं. हैबतराव शिर्के म्हणजे रोह्याचा माणूस. रोह्याशेजारच्या अष्टमी गावात लग्नाला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. तिथून कॅसेटची कंपनी काढली, मग मुंबईत स्टुडिओ, आणि आता या चौऱ्याण्णव साली स्वतःची टीव्ही वाहिनी. त्यांच्या 'कुंडलिका' कंपनीत विक्रीच्या माणसांपासून वादकांपर्यंत सगळ्यांना ते नावानिशी ओळखत. दिनानाथ त्या कंपनीचे जुने व्यवस्थापक. या डोलाऱ्याची सुरुवात झाली एका गाण्याने. 'खाडीचं पानी गो, उन्हानं मीठ झालं'. गीत-संगीत हैबतराव, आवाज त्यांच्या पत्नीचा, मैनाबाईंचा.

काल मंचावर त्या गाण्याचं पहिलंवहिलं रेकॉर्डिंग वाजवायचं होतं. टेपरेकॉर्डर सुरू झाला. फितीची स्पूल फिरली. आवाज आलाच नाही. सभागृहात कुजबुज, मग हसू. हैबतरावांनी माइक ओढला आणि सांगितलं, आमच्या ड्रायव्हरने डबा स्पीकरवर ठेवला, चुंबकाने फीत पुसली गेली, याला नक्की कुणीतरी फोडलंय. तो ड्रायव्हर, काळुराम ठाकूर, दारातच उभा होता. लोक वळून त्याच्याकडे बघायला लागले, तसा तो निघून गेला.

"ती फीत सापडली कुठं?" शांतीने विचारलं.

"अष्टमीच्या जुन्या दुकानात. मलाच, गेल्या आठवड्यात. डब्यावर गाण्याचं नाव होतं. साहेबांना लगेच मुंबईला फोन केला. बाकी कुणाला बोललो नाही, मैनाताईंनाही नाही. त्यांना मंचावरच चकित करायचं होतं."

"वाजवून पाहिलीत?"

"काल सकाळी, साहेबांच्या अष्टमीच्या बंगल्यावर. साहेब मुंबईहून पोचायचे होते. नुसती ढोलकी वाजली आणि फीत तुटली. पांढरी पट्टी लावून जोडली, आणि पुन्हा वाजवायची हिंमत झाली नाही. जोडाचं कुणाला सांगितलंही नाही, साहेब रागावले असते. डबा दिवाणखान्यात ठेवला. जेवणं झाल्यावर निघताना काळुरामच्या हातात दिला."

"कालची स्पूल आणलीत?"

त्यांनी पत्र्याचा डबा पुढे केला. शांतीने झाकण काढून नाकाशी धरलं. डब्याला जुन्या फितीचा आंबूस वास होता. मग तिने स्पूल उचलून हुंगली, थोडी फीत उलगडून पाहिली आणि दाजींकडे दिली.

"काय वास येतोय, दाजी?"

"काहीच नाही," दाजी म्हणाले. "नवी कोरी वाटतेय."

"असली स्पूल पेणला मिळते?"

"पेणला कुठली! रोह्यालाही नाही," दिनानाथ म्हणाले. "आमच्या मुंबईच्या स्टुडिओत असतात."

*

काळुरामचं घर पेणच्या खाडीकडल्या गावात होतं. पलीकडे मिठागरं. ओटीवर त्याची आई, बायजाबाई, सुपात तांदूळ निवडत बसली होती. निवडता निवडता गुणगुणत होती:

"पोर माजं मिठावं निजलं, त्याचं पाय गो पांढरं झालं…"

"चाल आपल्या गाण्याचीच," दाजी हळूच म्हणाले. "पण हे कडवं कॅसेटमध्ये नाही. मला ते गाणं पाठ आहे."

शांती तिच्याजवळ बसली. "आई, हे कडवं कुठं शिकलात?"

बायजाबाईने आधी दाराकडे पाहिलं. तिथे काळुराम येऊन उभा होता.

"काय नाय गो बाय," ती पुटपुटली. "उगाच आपलं."

"आये, तू आत जा," काळुराम म्हणाला. ती सूप घेऊन आत गेली.

काळुराम दोन वर्षं हैबतरावांच्या अष्टमीच्या बंगल्याची गाडी चालवत होता. आता गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, असं म्हणाला.

"डबा स्पीकरवर ठेवला होता का?"

"व्हय, ठेवला. दुसरी जागाच नव्हती. पन मी कशाला वाईट करू? त्यात गानं हाय हे बी मला मंचावरच कळलं."

"वाटेत गाडी थांबली?"

"नाय. नागोठणं, गडब, कुठंच नाय. डबा माज्या शेजारीच व्हता."

"आणि निघायच्या आधी बंगल्यात गेला होतास?"

"आत कशाला? मी फाटकापाशी गाडी पुशीत व्हतो. देवळेकरसायबांनी बाहेर आनून दिला."

*

अष्टमीच्या बंगल्यात मैनाबाई आधी भेटल्या.

"कालचं मला ठाऊकच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझाच आवाज वाजणार. पण गंमत बघा, माझं रेकॉर्डिंग मुंबईला झालं. रोह्यात मी ते गाणं कधी गायलेच नाही. मग अष्टमीत सापडलेली ती फीत कसली?"

हैबतराव गच्चीवर होते. खाली कुंडलिका नदी भरतीने फुगली होती.

"दिनानाथनं उगीच तुम्हाला त्रास दिला," ते म्हणाले. "झालं ते झालं. मी पोलिसांत जाणार नाही. ड्रायव्हरला काढून टाकलं, विषय संपला."

"वाजवण्याआधी तुम्ही फीत पाहिली होती?"

"नाही. डबा उघडलासुद्धा नाही. सगळ्यांबरोबरच ऐकायची असं ठरवलं होतं."

"काळुरामनं मुद्दाम केलं असं का वाटतं?"

"मुद्दाम किंवा निष्काळजीपणानं, फरक काय पडतो? इतकी जुनी वस्तू. सुरुवातीलाच पांढरी पट्टी लावून जोडलेली. ती स्पीकरवर ठेवायची? अक्कल नको माणसाला?"

शांतीने नमस्कार करून निरोप घेतला. जिना उतरताना दाजींनी विचारलं, "काही कळलं?"

"कळलं. आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "देवळेकरांना सांगा, काळुरामला घेऊन या."

*

दिवाणखान्यात सगळे जमले. काळुराम बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला.

"फीत पुसली गेलीच नाही," शांती म्हणाली. "ती बदलली गेली. डब्याला आंबूस वास आहे, स्पूलला नाही. शिवाय देवळेकरांनी लावलेला जोड या फितीत नाही. म्हणजे स्पीकरचा संबंध नाही आणि काळुरामचा दोष नाही."

"पण गाडीत डबा त्याच्याजवळ होता!" हैबतराव म्हणाले.

"होता. पण बदलायला कोरी स्पूल हवी, आणि ती मिळते मुंबईच्या स्टुडिओत. ती आधीच आणून ठेवायची तर फीत सापडल्याचं आधी माहीत हवं. काळुरामला माहीत नव्हतं. मैनाबाईंना नव्हतं. देवळेकरांना होतं, पण ते गप्प बसले असते तर कुणी चौकशीच केली नसती. ते स्वतः माझ्याकडे आले."

ती हैबतरावांकडे वळली.

"मग फक्त एक माणूस उरतो. डबा उघडला नाही म्हणणारा. आणि तरी आतली पांढरी पट्टी पाहिलेला."

दिनानाथ एकदम वळले. "साहेब, जोडाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

हैबतरावांचा चेहरा उतरला.

"कारणही सांगते," शांती म्हणाली. "त्या फितीत मैनाबाईंचा आवाज नाही. गाणं तुमचं नाहीच. मिठागरावरच्या एका बाईचं आहे. तिला कॅसेटमध्ये नसलेलं कडवंही येतं. तुम्ही तिचं गाणं टेप केलंत आणि त्यावर स्वतःचं नाव घातलंत. ते लोकांसमोर वाजलं असतं तर वाहिनीच्या मालकाचं पहिलं पाऊलच खोटं ठरलं असतं. आणि वाजवू नका म्हणालात, तर का ते सांगावं लागलं असतं."

मैनाबाई नवऱ्याकडे वळल्या. "मला म्हणाला होतात, बांधावर बसून लिहिलं."

"मी जाळायला घेतली होती," हैबतराव खालच्या आवाजात म्हणाले. "हात धजला नाही."

ते उठले, कपाटातून जुनी स्पूल काढली आणि दिनानाथांकडे दिली. दिनानाथांनी जपून यंत्रावर चढवली. ढोलकी वाजली, जोड सरकला, आणि एका तरुण बाईचा भरदार, मोकळा आवाज खोलीभर पसरला.

काळुराम भिंतीपासून सुटला.

"ही आय हाय माजी," तो म्हणाला.

हैबतरावांनी मान वर केली. आपण मंचावरून कुणाच्या मुलाला फितूर म्हणालो, हे त्यांना तेव्हा समजलं. त्यांनी हात जोडायचा प्रयत्न केला. काळुरामचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

*

पुढल्या आठवड्यात हैबतराव त्याच मंचावर एकटे उभे राहिले. सभागृह अर्धंही भरलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं, काळुरामची नाव घेऊन माफी मागितली. टाळ्या वाजल्या नाहीत. मैनाबाईंनी ते गाणं पुन्हा म्हटलं नाही.

तिथून ते बायजाबाईच्या घरी गेले. शांती, दाजी आणि काळुराम बरोबर होते. अंगणात उभं राहून हैबतराव म्हणाले, "बाई, मी तुमचं गाणं चोरलं. आता तुमच्या नावानं निघेल."

बायजाबाई ओटीच्या कडेला आली.

"तुमी मोठी मानसां," ती म्हणाली. "तुमी परके. नेलं तर नेलं. मी गावात सांगत व्हते, ह्यो गानं माजा हाय. सगली हसायची. त्याचं बी काय नाय. पन माजा पोर मना म्हनला, आये, गप ऱ्हा, माजी नोकरी जाईल, खोटं बोलू नको."

काळुराम उंबऱ्याशी थांबला होता. "आये," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

तिने त्याच्या दंडाला धरलं.

"चल आत. भात निवतोय."

दोघं आत गेली. हैबतरावांना कुणी बसा म्हणालं नाही. शांती आणि दाजी गाडीकडे निघाले तरी ते अंगणातच उभे होते.