दोनशे वेळा पाहिलेलं पान

मेंदूलेखाच्या पडद्यावरची हिरवी रेघ सपाटच राहिली, तशी तृप्ती गावंडे खुर्चीतून उठली.

"पुन्हा दाखवा," ती म्हणाली.

मेंदूतज्ज्ञ डॉ. इकबाल मुजावरांनी प्रयोग पुन्हा केला. काचेपलीकडच्या माणसासमोर सोनधारा खोरे महामंडळाच्या पूरकेंद्राचं संकेतस्थळ उघडलं होतं. वर निळी पट्टी, कोपऱ्यात पाण्याचा थेंब आणि मधोमध ठळक अक्षरांत 'धरणाचे दरवाजे उघडले आहेत.' माणसाची नजर त्या ओळीवर गेली, थांबली, पुढे सरकली. काय वाचलंत, असं विचारल्यावर तो म्हणाला, "नेहमीचंच. आज पाणी सोडणार नाही."

"तो खोटं बोलत नाहीये," मुजावर म्हणाले. "डोळ्यांनी ओळ टिपली, मेंदूनं घेतलीच नाही. एखादं रूप दोनेकशे वेळा नजरेखालून गेलं, की मेंदू डोळ्यांचं ऐकणं सोडतो आणि स्वतःच्या साठ्यातलं चित्र समोर धरतो. आम्ही याला सवयांधत्व म्हणतो."

"पण पूरकेंद्राचं पान लोक दोनशे वेळा कुठे बघतात?"

"कालव्याचं वेळापत्रक बघतात, मासेमारीचे परवाने काढतात. तुमच्या चौतीस विभागांची चौतीस स्थळं, सगळी एकाच तोंडवळ्याची. मेंदूच्या लेखी ते एकच पान आहे, बाई."

तृप्ती महामंडळात रूपरचनाकार होती. हा तोंडवळा तिनेच सहा वर्षांपूर्वी सगळ्यांच्या गळ्यात मारला होता. गेल्या ऑगस्टात इशारा पानावर चार तास होता, साठ हजार लोकांनी पान उघडलं होतं, तरी अकरा माणसं वाहून गेली. त्यात तिचे मामा होते. फोन जवळ असून माणूस इतका बेफिकीर कसा, म्हणून ती तेव्हापासून त्यांच्यावर मनातल्या मनात चिडलेली होती. ते बेफिकीर नव्हते. त्यांनी पान बघितलं होतं. तृप्तीला तिथेच रडू फुटलं आणि स्वतःचा भयंकर राग आला.

"उपाय?"

"पूरकेंद्राला स्वतःचं रूप द्या. महामंडळातल्या कुठल्याही पानासारखं न दिसणारं."

रूप तिने आठ दिवसांत तयार केलं. पान सगळं हळदीच्या रंगाचं, त्यावर तिरकी काळी पट्टी, पट्टीत एकच ओळ. मग ते रूपसमितीपुढे गेलं आणि तिथे चार महिने मुक्कामाला राहिलं. समितीत तृप्ती धरून नऊ जण, अध्यक्ष प्रभुणेसाहेब. हळद ओली की वाळलेली, यावर तीन बैठका झाल्या. पट्टी किती अंश तिरकी, यावर पाच. एकूण बैठका तेवीस, आणि दर बैठकीत पान भिंतीवर तास न् तास झळकत असायचं. शिवाय प्रत्येकाच्या फोनवर, घरच्यांना दाखवायला.

पहिल्याच बैठकीत तृप्तीने नमुन्याच्या ओळीत खरा इशारा टाकला होता. प्रभुणेसाहेबांनी कानाला हात लावला.

"अहो, शुभकार्याच्या आरंभी पूर कशाला दाखवता? नमुन्यात अभद्र नको."

म्हणून तेवीस बैठका त्या पट्टीत एकच ओळ राहिली. 'आज पाणी सोडणार नाही.'

उद्घाटन सप्टेंबरातल्या एका दुपारी, धरणाखालच्या घाटावर ठेवलं होतं. मांडव, हार, नारळ, दोनशे खुर्च्या. सकाळीच स्वयंसेवकांनी गावातल्या फोनांवर पान चढवून दिलं होतं. नव्या पानाच्या भरवशावर महामंडळाने पुराच्या इशाऱ्याचे जुने, निम्मे बंद पडलेले भोंगे महिनाभर आधीच काढून टाकले होते. इशारा एकाच ठिकाणी मिळावा म्हणजे गोंधळ होत नाही, असा ठराव होता.

तृप्तीचं कशात लक्ष लागेना. वरच्या डोंगरांवर आभाळ काळंभोर झालं होतं. दर पाच मिनिटांनी ती पान उघडून बघत होती. हळद, पट्टी, आज पाणी सोडणार नाही. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, मग पुन्हा नजर डोंगरांकडे जायची.

अडीच वाजता सगळ्यांचे फोन एकदम थरथरले. तृप्तीने घाईघाईने उघडला. तीच ओळ. शेजारी प्रभुणेसाहेबांनीही उघडला आणि खिशात टाकला.

"चाचणी घेतायत वाटतं. रंग मात्र उन्हात काय खुललाय!"

ते भाषणाला उभे राहिले. दहा मिनिटांनी बघतात तर समोर खुर्च्याच खुर्च्या. बायका पोरांना काखोटीला मारून टेकडीकडे निघाल्या होत्या.

"कदर नाही हो लोकांना," प्रभुणेसाहेब ध्वनिक्षेपकावरच म्हणाले.

टेकडीच्या वाटेवरून एक बाई उलट्या पावली धावत आली. सगुणाबाई. सकाळी तृप्तीने स्वतः तिच्या फोनवर पान चढवलं होतं.

"अवो बाई, हितं काय बसलायसा? समदं गाव वर गेलं! पाणी सोडणार हाईत न्हवं!"

"नाही हो मावशी. कुणीतरी घाबरवलं तुम्हाला. हे बघा," तृप्तीने स्वतःचा फोन पुढे केला, "आज पाणी सोडणार नाही."

सगुणाबाईने पडद्याकडे बघितलं. मग तृप्तीच्या तोंडाकडे बघितलं, आणि दोन पावलं मागे सरली.

"हितं तसं कुठं लिवलंय?"

तृप्तीने फोन पुन्हा डोळ्यांजवळ धरला. तीच ओळ. तिने हे पान किती वेळा पाहिलं होतं? हजारदा? चार हजारदा? तिने समितीकडे वळून बघितलं. आठही जण फोन काढून निवांत मान हलवत होते. खोऱ्यातल्या झाडून सगळ्यांना हे पान नवं होतं. जुनं होतं ते फक्त या नऊ जणांना.

"मावशी, तुम्ही वाचा. मोठ्यानं."

सगुणाबाई बोट ठेवून अक्षर अक्षर लावत वाचू लागली. "तीन... वाजता... सर्व... दरवाजे... उघडणार. घाट... रिकामा... करा."

बोट ज्या अक्षरांवरून सरकत होतं, ती तृप्ती डोळे ताणून बघत होती. बोटाखाली तिला स्वच्छ दिसत होतं, 'आज पाणी सोडणार नाही.'

घड्याळात पावणेतीन झाले होते.

"पळा!" ती ओरडली. "फोन बघू नका, पळा!"

"अहो, पण पानावर तर स्पष्ट..." प्रभुणेसाहेबांनी फोन उंच धरला. तृप्तीने तो हिसकावून नदीत भिरकावला आणि त्यांचा दंड धरून त्यांना ओढत नेलं. ते शेवटपर्यंत शिस्तभंगाच्या कारवाईची धमकी देत टेकडी चढले.

तीन वाजून सहा मिनिटांनी मांडव गेला. खुर्च्या, हार, न फोडलेला नारळ, सगळं तांबड्या पाण्याने एका दमात उचललं. समिती देवळाच्या कट्ट्यावर धापा टाकत बसली होती. माणसं मोजली, नऊ भरली. प्रभुणेसाहेब पाण्याकडे बघत होते.

तृप्तीच्या हातातला फोन पुन्हा थरथरला. तिने पान उघडलं. हळदीवरच्या काळ्या पट्टीत, तिने स्वतः निवडलेल्या त्या सुबक अक्षरांत, आज पाणी सोडणार नाही असं लिहिलेलं होतं.

तिने फोन सगुणाबाईच्या हातात दिला.

"मावशी, आता काय म्हणतायत?"

सगुणाबाईने पट्टीवर बोट ठेवलं. "आणखी... वर... चढा," तिने वाचलं. तृप्तीने तिचा पदर धरला आणि ती तिच्या मागोमाग चढू लागली.