टाकीवरचा लाल पत्रा

"मावशी, घात झाला! टाकी पार रिकामी!"

भोंगाचा आवाज वसाहतीच्या चारही इमारतींवर आदळून परत आला. त्याला भोंगा म्हणायचे ते काही उगीच नाही! मान वर करून तो पाण्याच्या उंच टाकीकडे बघत होता. टाकीच्या भिंतीवर पांढऱ्या रेघा आखलेल्या होत्या. रेघांपुढे दोरीला लटकणारा लाल पत्रा पार तळाच्या रेघेवर टेकला होता.

पंपाच्या खोलीतून मावशी हात पुसत बाहेर आली आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. "अरे वेड्या, काठोकाठ भरलीये ती!"

"पण पत्रा तर खाली आहे!"

"उलटं असतं ते," मावशीची भाची म्हणाली. "आत पाण्यावर पोकळ डबा तरंगतो. त्याची दोरी कप्पीवरून बाहेर येते आणि टोकाला हा पत्रा. पाणी चढलं की डबा वर आणि पत्रा खाली. पाणी उतरलं की पत्रा वर."

"म्हणजे माझी पार फजिती!" भोंगा म्हणाला, आणि त्याची धाकटी बहीण मुंगी टाळ्या पिटत नाचायला लागली.

मावशीच्या भाचीला सगळे रबर म्हणत, कारण एक ओळ लिहायची आणि दोन खोडायची ही तिची रीत. आत्ताही तिच्या मांडीवर वही होती. सुट्टीचा अभ्यास होता, 'यंदा मी प्रत्येक विषयात काय शिकले?' विषय सात, पानं सात. सगळी कोरी! रबरला वाटायचं, आपण शिकलो ते परीक्षेच्या दिवशी कागदावर उतरवून आलो, आता उरलंय काय?

तेवढ्यात फाटकातून सेक्रेटरी काका आले. दोन महिन्यांपूर्वीच ते वसाहतीचे सेक्रेटरी झाले होते आणि तेव्हापासून त्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. त्यांनी टाकीकडे पाहिलं, "च्च, च्च" केलं, मोबाइलवर फोटो काढला आणि छोट्या वहीत काहीतरी लिहिलं.

"रविवारी बैठक आहे," ते मावशीला म्हणाले. "रोज चार वाजता नळ कोरडे पडतात. लोक माझ्या दारात येऊन भांडतात. तुमच्याकडून पंप सांभाळला जात नाही, आम्ही दुसरा माणूस बघतोय."

"साहेब, मी रोज दहापर्यंत टाकी भरते. दुपारी पाणी कुठेतरी जातं!"

"कुठे जातं? उन्हात उडून?" काका हसले आणि ऑफिसला निघून गेले.

मावशी आत गेली. रबरने वही मिटली. तिचे आईबाबा लांबच्या गावी कामाला होते, म्हणून तीन वर्षं ती मावशीकडे राहून शिकत होती. पंपामागची ही खोली नोकरीबरोबर मिळालेली. नोकरी गेली की खोली गेली. खोली गेली की शाळा गेली, आणि भोंगा-मुंगीसुद्धा!

"रडू नकोस हं," मुंगी म्हणाली. "आपण पाणी शोधू!"

"आणि चोर सापडला की मी ओरडेन!" भोंगाने जाहीर केलं.

त्या दुपारी तिघं झाडाखाली पत्र्याकडे टक लावून बसली. बारा वाजले, पत्रा जेमतेम हलला. एक वाजला आणि तो सरसर वर चढायला लागला! तीन वाजता थांबला. दोन तासांत चार रेघा. रबरने वेळ आणि रेघ लिहून घेतली. कागद जवळ नव्हता, म्हणून गणिताच्या कोऱ्या पानावरच लिहिली.

"दोन रेघांमध्ये अर्धा मीटर अंतर आहे," मावशीने सांगितलं.

"म्हणजे पाणी दोन मीटर उतरलं. पण ते लिटर किती?" भोंगाने डोकं खाजवलं.

रबर एकदम उठली. "दोरी आण!"

टाकीखालचा बुरूज टाकीएवढाच गोल होता. मुंगी दोरी घेऊन त्याला वेढा घालून आली. साडेबारा मीटर भरली. रबरने परिघावरून त्रिज्या काढली, त्रिज्येवरून क्षेत्रफळ, मग घनफळ. दोनदा खोडलं, पण तिसऱ्यांदा उत्तर आलं ते बघून तिघांचे डोळे विस्फारले. पंचवीस हजार लिटर!

"चाळीस घरं," रबर पुटपुटली. "प्रत्येक घरात भर दुपारी एकतीस बादल्या!"

"आमच्या घरी तर दुपारी बाबा घोरत असतात," मुंगी म्हणाली. "घोरायला पाणी लागत नाही."

म्हणजे पाणी घरांत जातच नव्हतं! मग कुठे? दुसऱ्या दिवशी एक वाजता मावशीने कोपऱ्यातली लांब लाकडी काठी काढली. "आधीच्या पंपवाल्याने मला शिकवलं होतं. काठीचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला. पाणी बोलतं."

विज्ञानाच्या पुस्तकात 'ध्वनी घन पदार्थातून अधिक चांगला जातो' हे वाक्य रबरने पाच वेळा पाठ केलं होतं. काठी कानाला लावली आणि ते वाक्य तिला पहिल्यांदा ऐकू आलं. इमारतींच्या पाइपात नुसती कुजबुज. बागेकडे जाणाऱ्या पाइपात मात्र घळाघळा, घळाघळा!

"हा तर बंद पाइप!" मावशी थक्क झाली. "बागेला विहिरीचं पाणी जातं. याची झडप कितीतरी वर्षांत कोणी उघडलेली नाही."

तिघं बागेकडे धावली. बाग कोरडी ठक्क! मध्ये नवं कारंजं होतं, पण रविवारच्या उद्घाटनासाठी जाड ताडपत्रीत बांधून ठेवलेलं. पाण्याचा टिपूससुद्धा दिसत नव्हता.

"भूगोलाच्या बाई म्हणतात, पाणी वाट विचारत नाही, उतार धरतं," रबर म्हणाली. "बागेचा उतार कुठे आहे?"

मुंगीने खिशातली गोटी फरशीवर सोडली. गोटी गडगडत मागच्या कुंपणाला जाऊन भिडली. कुंपणापलीकडे डोकावून पाहतात तर काय! ऐन उन्हाळ्यात ओढ्यात हिरवंगार गवत, टुणटुणीत बेडूक आणि एका जाड पाइपातून धो धो पडणारं पाणी! पाइप येत होता थेट कारंज्याखालून.

भोंगाने ओरडायला तोंड उघडलं. रबरने ते हाताने बंद केलं. "आधी पुरावा!"

पुरावा सूचनाफलकावरच होता. एका कागदावर लिहिलं होतं, 'कारंज्याचे काम सहा तारखेस पूर्ण. सर्व तपासणी झाली आहे.' खाली सेक्रेटरी काकांची झोकदार सही. शेजारचा कागद म्हणत होता, 'सात तारखेपासून पाणी अपुरे.'

"इतिहासाचे सर सांगतात ना, आधी काय घडलं, नंतर काय घडलं, ते लावून बघा!" रबर दोन्ही कागदांवरचा मजकूर लिहून घेत म्हणाली. लिहिला तोही इतिहासाच्या पानावर.

शनिवारी ती धीर करून, भोंगाला घेऊन काकांकडे गेली. "काका, मावशी टाकी भरते. खरंच."

"बाळ, माझ्याकडे दहा दिवसांचे फोटो आहेत. रोज सकाळी दहा वाजता पत्रा तळाशी! टाकी रिकामी!"

"अहो पण पत्रा तर..." भोंगा बोलणार, तोच रबरने त्याच्या पायावर पाय दिला. तो "आई गं!" करून गप्प बसला.

"आत्ता सांगितलं तर काकांची ती वही गुपचूप कपाटात जाईल," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "उद्या सगळ्यांसमोर वाचू दे त्यांना."

रविवारी दुपारी साडेबाराला सभागृह गच्च भरलं. मावशी दाराशी उभी होती, पदर मुठीत धरून. काकांनी दहाच्या दहा नोंदी खणखणीत आवाजात वाचल्या. "रोज दहा वाजता पत्रा तळाशी! आणखी काय पुरावा हवा?"

रबर उठली.

"काका, या नोंदी तुम्ही स्वतः केल्यात?"

"अर्थात! एक दिवस चुकलेला नाही!"

भोंगाने बादली आणली. मुंगीने त्यात रिकामी बाटली सोडली, तिला बांधलेला दोरा खुर्चीच्या पाठीवरून बाहेर घेतला आणि टोकाला लाल कागद लावलेली किल्ली अडकवली. रबर बादलीत पाणी ओतू लागली. बाटली वर आली. किल्ली खाली, आणखी खाली, पार तळाशी.

"बादली भरली," रबर म्हणाली. "आणि पत्रा तळाशी."

मागून कुणाचं तरी हसू फुटलं आणि सगळं सभागृह हसायला लागलं! मावशीने रोज टाकी भरली होती, याचे दहा पुरावे काकांनीच जमवले होते, फोटोंसकट!

"मग पाणी जातं कुठे?" काकांचा आवाज एवढासा झाला.

"एकला पाच मिनिटं कमी आहेत," रबर म्हणाली. "बागेत चला."

भोंगाने ताडपत्री ओढली. बरोबर एक वाजता आत खट्कन आवाज झाला आणि हौदात पाणी शिरायला लागलं. फवारे अजून बसवायचे होते, त्यामुळे ते तसंच मागच्या पाइपातून ओढ्यात चाललं. प्लंबरने घाईत विहिरीऐवजी टाकीचा बंद पाइप उघडून जोडला होता, चाचणीसाठी आपोआप उघडणारी घड्याळाची झडप एक ते तीन लावली होती आणि ती तशीच विसरून गेला होता. काकांनी ताडपत्री न उचलताच 'तपासणी झाली' म्हणून सही ठोकली होती!

काकांनी कपाळ पुसलं. मग ते मावशीसमोर गेले आणि हात जोडले. "चूक माझी. न बघता सही केली आणि न विचारता खापर तुमच्यावर फोडलं. नोकरी तुमचीच आहे."

"साहेब, एकदा विचारलं असतं तर मी पत्र्याचं सांगितलं असतं," मावशी म्हणाली. तिची मान ताठ होती.

"या पोरांनी आपल्या सगळ्यांना शिकवलं!" एक आजोबा म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. भोंगा तर अखेर पोटभर ओरडला.

संध्याकाळी रबर वही उघडून बसली. शाळा उद्या! गणिताच्या पानावर पत्र्याची वेळ होती, घनफळाशेजारी मुंगीची दोरी होती, इतिहासाच्या पानावर काकांची सही. भूगोलात बेडूक. काहीच विषयवार नव्हतं.

"मावशी, ती काठी कुठल्या विषयात लिहू गं?"

"मला काय विचारतेस? मी चौथीपर्यंत शिकलेली," मावशी पंप पुसत म्हणाली. "तुला ती कळली ना? मग लिही कुठेही."

रबरने सातही पानं एकाखाली एक जोडून चिकटवली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'टाकी'. आणि पहिल्याच ओळीत मावशीचं नाव. मग ती लिहीत सुटली, आणि खोडरबर कुठे ठेवलंय हे शोधायलासुद्धा थांबली नाही.